नंदनाच्या डोंगरावरून पृथ्वी मोजताना: अल-बिरुनीचं गणित आणि त्यातल्या खाचा

अल-बिरुनीबद्दल मराठीत जे काही फिरतं, त्यात एक आकडा हमखास असतो. त्याने हजार वर्षांपूर्वी पृथ्वीची त्रिज्या ६३३९.६ किलोमीटर मोजली, म्हणजे आजच्या ६३७१च्या साडेनव्याण्णव टक्के जवळ. हा आकडा बिरुनीने लिहिलेला नाही. त्याने ‘हात’ या मापात लिहिलं, आणि त्याचा हात किती सेंटिमीटरचा हे ठरवून किलोमीटर काढले आपल्या काळातल्या लोकांनी. शिवाय त्या जवळिकीचा बराचसा भाग योगायोग आहे. माझ्या मते या कौतुकामुळे त्याचं खरं मोठेपण झाकलं जातं. स्वतःच्या कुठल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तत्त्वज्ञ म्हणून, खगोलज्ञ म्हणून आणि हिंदुस्थानावर लिहिणारा म्हणूनही त्याची सगळी मांडणी यावर उभी आहे.

त्याचं चरित्र थोडक्यात असं. जन्म ९७३ साली, ख्वारिज्ममधल्या काथ शहराच्या बाहेरच्या वस्तीत. ही जागा आज उझबेकिस्तानात येते. गुरू अबू नस्र मन्सूर, राजघराण्यातले आणि पक्के गणिती. ९९५ साली राज्य उलटलं आणि बिरुनीला पळावं लागलं. पुढे आजच्या इराणातली रय्य आणि जुर्जान ही शहरं, मग पुन्हा ख्वारिज्म. १०१७ साली गझनीच्या महमूदाने ख्वारिज्म घेतलं आणि तिथल्या विद्वानांबरोबर बिरुनीलाही गझनीला नेलं. उरलेलं आयुष्य तिथेच गेलं, आणि साधारण १०५०च्या सुमारास तो वारला. १०३५-३६च्या सुमारास त्याने स्वतःच्या ग्रंथांची यादी केली, तेव्हा ती शंभराच्या वर गेली होती. त्यातलं आज थोडंच हाती आहे.

मोजमापाचं वेड तरुणपणापासूनचं. ९९७च्या मे महिन्यातलं चंद्रग्रहण त्याने काथमधून पाहिलं, आणि आधी ठरवल्याप्रमाणे अबुल-वफा या गणितज्ञाने तेच बगदादमधून पाहिलं. ग्रहण दोघांना एकाच क्षणी दिसतं, पण स्थानिक वेळ वेगळी असते. तो फरक तासाभराच्या आसपास आला, आणि एका तासाला १५ अंश या हिशेबाने दोन शहरांच्या रेखांशातलं अंतर मिळालं. त्या काळात रेखांश काढायचा याहून खात्रीचा मार्ग नव्हता.

यंत्रं कशी फसवतात हे त्याने रय्यमध्ये जवळून पाहिलं. तिथे अल-खुजंदीने ९९४ साली सुमारे वीस मीटर त्रिज्येचं षष्ठांश-यंत्र इमारतीतच बांधून काढलं होतं. घुमटातल्या भोकातून सूर्याचा किरण खालच्या कमानीवर पडे, आणि कमानीवर दहा-दहा विकलांच्या खुणा होत्या (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा म्हणजे विकला). एवढ्या मोठ्या यंत्रावर एक कला म्हणजे जवळजवळ सहा मिलिमीटर. डोळ्यांना सहज दिसणारी. तरीही क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या, विषुववृत्ताशी असलेल्या तिरपेपणाचं खुजंदीचं माप २३ अंश ३२ कलांच्या जरा वर, म्हणजे हवं त्यापेक्षा कमी आलं. बिरुनीने कारण नोंदवलंय: इमारतीच्या भाराने भोकाची जागा वीतभर खचली होती, हे खुद्द खुजंदीनेच त्याला सांगितलं. बिरुनी स्वतः २३ अंश ३५ कला धरत असे, आणि त्या काळासाठी ते माप एका कलेच्या आत बरोबर आहे. यंत्र मोठं केलं की खुणा बारीक करता येतात, पण वजनाने बांधकाम बसतं. हा पेच पुढे शतकानुशतकं वेधशाळा बांधणाऱ्यांना छळत राहिला.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रसंग १४ ऑक्टोबर १०१८चा. काबूलजवळच्या जैफूर नावाच्या खेड्यात त्याला अक्षांश काढायचा होता आणि जवळ एकही यंत्र नव्हतं. त्याने हिशेबाची पाटी घेतली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा कंस आखला, त्यावर भाग पाडले, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजली. अशा मोजणीत काय कमी पडतं याची त्याला पुरती जाण होती.

आता पृथ्वीच्या मापाकडे. नवव्या शतकात बगदादचा खलीफा मामून याच्या खगोलज्ञांनी आजच्या इराकातल्या सिंजारच्या सपाट मैदानात एक सरळ पद्धत वापरली होती. ध्रुवाची उंची मोजायची, मग बरोबर उत्तरेला किंवा दक्षिणेला दोरीने अंतर मोजत चालायचं. ध्रुव एक अंशाने वर-खाली झाला की थांबायचं. चाललेलं अंतर म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा ३६०वा भाग. त्यांचं उत्तर ५६ पूर्णांक दोन-तृतीयांश अरबी मैल, आणि एक मैल म्हणजे ४००० हात. पद्धत निर्दोष आहे, पण तिला शंभरेक किलोमीटर सपाट जमीन, दोऱ्या ओढणारी माणसं आणि राजाचं पाठबळ लागतं. बिरुनीने जुर्जानच्या उत्तरेला दहिस्तानच्या मैदानात हे करून पाहायचं ठरवलं होतं. मदत मिळाली नाही आणि काम सोडावं लागलं.

मग आला नंदनाचा किल्ला. आजच्या पाकिस्तानी पंजाबात, मिठाच्या डोंगररांगेत, झेलमच्या मैदानावर नजर ठेवून असलेला. महमूदाने तो १०१४ साली घेतला होता. बिरुनीला तिथे हवं ते सगळं एकत्र सापडलं: एक उंच डोंगर आणि त्याच्या दक्षिणेला डोळे पोहोचतील तिथवर सपाट जमीन. उंचावरून क्षितिज किती खाली झुकतं ते मोजून पृथ्वीचं माप काढायची कल्पना त्याचीच नव्हे. मामूनच्या काळात सनद इब्न अलीने समुद्राकाठच्या डोंगरावरून ती वापरली होती, हे बिरुनीनेच सांगून ठेवलंय. मात्र आकड्यांसकट पुरा हिशेब आपल्या हाती आहे तो बिरुनीचा.

पहिली पायरी डोंगराची उंची. बिरुनी यासाठी कडांवर समान भाग पाडलेली चौरस पाटी आणि एका कोपऱ्यावर फिरणारी पट्टी सुचवतो. शिखर नेमलं की समरूप त्रिकोणांवरून उंची निघते. आज करायचं तर दोन जागांवरून कोन घेणं सोपं. डोंगर ३२० मीटरचा असेल, तर एक किलोमीटरवरून शिखर पावणेअठरा अंशांवर दिसेल आणि दीड किलोमीटरवरून बारा अंशांवर. दोन जागांमधलं अंतर त्या कोनांच्या टॅन्जंटांच्या गुणाकाराने गुणायचं आणि त्यांच्या वजाबाकीने भागायचं, की उंची मिळते. दोन्ही कोनांत एकेक कला चुकली, तीही उलट दिशांना, तरी उंचीत फार तर दोन मीटरांचा फरक पडतो. ही पायरी माफ करणारी आहे. अट एवढीच की दोन्ही जागा आणि डोंगराचा पायथा एकाच पातळीत हवेत. मैदान दिसायला सपाट असलं तरी पाचशे मीटरांत दोन-तीन मीटर उतरतं, आणि तो उतार सरळ उंचीत मिसळतो. बिरुनीचं उत्तर ६५२ हात आणि वर ३ कला, १८ विकला. साठाच्या मापातला हा अपूर्णांक म्हणजे जेमतेम एका बोटाची जाडी. तो गणितातून आलाय, मोजणीतून नव्हे.

दुसरी पायरी शिखरावरची, आणि सगळा खेळ तिथेच आहे. माथ्यावर उभं राहून नजर अगदी आडवी धरली तर ती क्षितिजाच्या वरून निघून जाते. क्षितिज पाहायला ती थोडी खाली झुकवावी लागते. हा झुकाव बिरुनीने ३४ कला मोजला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा मोठा. शिखर, क्षितिजबिंदू आणि पृथ्वीचं केंद्र यांचा काटकोन त्रिकोण होतो. त्यावरून सूत्र येतं: त्रिज्या = उंची × झुकावाची कोसाइन ÷ (१ − झुकावाची कोसाइन).

बिरुनीच्या ‘कानून-ए-मसूदी’ या खगोलशास्त्रावरच्या ग्रंथात यातून १ कोटी २८ लाख ५१ हजार ३६९ हात इतकी त्रिज्या आणि एका अंशाला ५६ मैलांहून किंचित जास्त असं माप येतं. त्याआधीच्या, १०२५ साली पुऱ्या केलेल्या ‘तहदीद’ या ग्रंथात तोच हिशेब १ कोटी २८ लाख ३ हजार ३३७ हातांवर थांबतो. दोन ग्रंथांत दोन उत्तरं का, हे कागद-पेन्सिल घेतली की कळतं. ३४ कलांची कोसाइन एकाला इतकी चिकटून असते की वजाबाकीनंतर उरतात जेमतेम ०.००००४८९. उंचीला या चिमुकल्या संख्येने भागायचं असतं. कोष्टकातून कोसाइन घेताना साठाच्या अपूर्णांकातल्या चौथ्या स्थानात थोडं मागेपुढे झालं तरी उत्तर हजारो हातांनी हलतं. ‘कानून’मधल्या कोसाइनवरून वजाबाकी ०.००००५०७ येते. आजच्या गणकयंत्रावर ३४ कला नीट घातल्या, तर त्रिज्या १ कोटी ३३ लाख हातांवर जाते. म्हणजे कोष्टकाच्या चुकीने उत्तर साडेतीन टक्क्यांहून जास्त खाली ओढलं.

दुसरी खाच कोन वाचण्यातली. झुकाव वर्गात येतो, त्यामुळे ३४ कलांत एक कला चुकली की त्रिज्येत सहा टक्के चूक पडते. एक हात व्यासाच्या कड्यावर एक कला म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. खुणा कितीही मन लावून कोरल्या तरी हातात धरता येईल अशा यंत्रावर कलेच्या आत वाचणं जमत नाही. ‘३४’ हा आकडा जवळचा पूर्णांक आहे हे धरूनच चालायला हवं.

तिसरी खाच हवेची, आणि तिचा हिशेब बिरुनीच्या गणितात नाही. जमिनीजवळची हवा दाट, वरची विरळ. त्यामुळे क्षितिजाकडून येणारा किरण पृथ्वीच्या वळणाकडे वाकतो आणि क्षितिज असतं त्याहून वर दिसतं. हात ४९.३ सेंटिमीटरांचा धरला तर नंदनाची उंची सुमारे ३२१ मीटर. हवा नसती तर झुकाव साडेचौतीस कला असता. नेहमीच्या हवेत तो ३२ कलांच्या आसपास दिसायला हवा. म्हणजे बिरुनीचं यंत्र अगदी अचूक असतं, तर त्याला ३२ कला मिळाल्या असत्या आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ७४०० किलोमीटर निघाली असती! यंत्राचा भरडपणा, हवेचं वाकवणं आणि कोष्टकाची चूक यांनी एकमेकांना जवळपास खोडून काढलं. चौथा प्रश्न हाताचाच: ४९.३३ सेंटिमीटर धरला तर ६३३९.६ किलोमीटर, ५४ सेंटिमीटरांचा ‘काळा हात’ धरला तर ६९४०.

यावर बिरुनीने काय केलं? स्वतःचं उत्तर मामूनच्या लोकांच्या ५६ पूर्णांक दोन-तृतीयांशाच्या जवळ आलं हे पाहून त्याने समाधान मानलं, आणि पुढच्या सगळ्या हिशेबांत आकडा त्यांचाच ठेवला. कारणही दिलं: त्यांची यंत्रं अधिक बारीक होती आणि त्यांनी कष्ट जास्त घेतले होते. डोंगरावरची पद्धत त्याच्या लेखी पडताळा होती. ज्या उत्तराला आपण विक्रम म्हणून मिरवतो, ते त्याने स्वतः बाजूला ठेवलं होतं. यातली समज मला त्या साडेनव्याण्णव टक्क्यांहून कितीतरी मोठी वाटते.

हा प्रयोग करून पाहायचा तर जमिनीपेक्षा समुद्राचं क्षितिज बरं, कारण तिथे झाडं-टेकड्या आडव्या येत नाहीत. कोकणात समुद्राकडे तोंड केलेला कडा आणि पाऊस संपल्यावरची धुतलेली हवा हवी. उन्हाळ्यात धुक्यासारख्या दमटपणात क्षितिजाची रेघच सापडत नाही. उंची जितकी जास्त तितकं चांगलं. ५० मीटरांवर झुकाव साडेतेरा कलाच असतो आणि एका कलेची चूक पंधरा टक्क्यांना पडते. ३०० मीटरांवर तीच सहा टक्क्यांना. थिओडोलाइट (सर्वेक्षणात कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) मिळाला तर दोन्ही बाजूंनी वाचून सरासरी घ्यावी. नसेल तर गवंडी वापरतात तशी पारदर्शक पाण्याची नळी दोन उभ्या काठ्यांना बांधावी, मधलं अंतर एक मीटर. दोन्ही टोकांतली पाण्याची पातळी म्हणजे आडवी रेषा. क्षितिजाची रेषा ३०० मीटर उंचीवरून दुसऱ्या काठीवर सुमारे नऊ मिलिमीटर खाली छेदते. एक कला म्हणजे ०.३ मिलिमीटर, आणि नळीतलं पाणी कडेला चढतं त्यामुळे तेवढी चूक नुसत्या वाचण्यात होते. दोन्ही टोकांना नळी एकाच जाडीची घ्यावी आणि पाण्याचा वाकलेला तळ वाचावा. काठ्यांमधलं अंतर तीन मीटर केलं तर ही चूक तिपटीने घटते. शेवटी आलेल्या त्रिज्येला ०.८५ने गुणावं, म्हणजे हवेचा हिशेब साधारण चुकता होतो. बिरुनीला न मिळालेली दुरुस्ती ती हीच.

हीच काटेकोर नजर त्याच्या तत्त्वज्ञानात दिसते. तरुणपणी त्याने इब्न सीना या वैद्य आणि तत्त्वज्ञाला अठरा प्रश्न पाठवले. त्यातले दहा ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावर होते आणि आठ स्वतःचे. इब्न सीना त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला पक्का. बिरुनीची हरकत बहुतेक ठिकाणी एकाच धाटणीची आहे: हे विधान पाहून ठरलं, की आधीचे लोक तसं म्हणतात म्हणून? एक प्रश्न तर असा की थंडीने वस्तू आकसते आणि जड होते, तर मग बर्फ पाण्यावर का तरंगतो? इब्न सीनाचं उत्तर, गोठताना आत हवा कोंडली जाते. बिरुनीचं त्या उत्तरांनी समाधान झालं नाही. पुढच्या फेरीत सूर इतका चढला की इब्न सीनाने उत्तर द्यायचं काम आपल्या शिष्यावर सोपवलं.

आणि हिंदुस्थानावरचा ग्रंथ. महमूद १०३०च्या एप्रिलमध्ये वारला, ग्रंथ त्याच वर्षी पुरा झाला. ८० प्रकरणं. पहिल्याच वाक्यात तो म्हणतो की ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष पाहण्याच्या तोडीची नसते. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट पार उद्ध्वस्त केली, माणसं धुळीच्या कणांसारखी चहूकडे उधळली गेली, आणि म्हणूनच इथली विद्या आमच्या हाताबाहेर गेली, हे तो गझनीच्या दरबारात राहून लिहितो. इथल्या पंडितांच्या अहंकारावरही तितकंच रोखठोक लिहितो. तो संस्कृत शिकला, पतंजलीचं योगशास्त्र अरबीत नेलं, ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर यांची मतं आकड्यांनिशी तपासली.

आपण कुठवर पोहोचलो हेही त्याने लपवलं नाही. गझनी, काबूल, पेशावर, झेलम, नंदना, सियालकोट, मुलतान अशा ठिकाणांचे अक्षांश देऊन तो स्पष्ट म्हणतो की या मुलखात यापलीकडे मी गेलो नाही. म्हणजे महाराष्ट्रात तो कधीच आला नव्हता. तरीही अठराव्या प्रकरणात आपला प्रदेश आहे. अंतरं तो फरसख या इराणी मापात देतो: धारहून दक्षिणेला निघालं की सात फरसखांवर नमिय्याचं खोरं, पुढे अठरा फरसखांवर मरहट्ट देश, आणि तिथून पंचवीस फरसखांवर कोकण, ज्याची राजधानी समुद्रकाठचं ठाणे. बेरीज पन्नास फरसख. तीन अरबी मैलांचा फरसख धरला तर तीनशे किलोमीटरही भरत नाहीत, आणि धार ते ठाणे सरळ रेषेतच साडेचारशेच्या आसपास आहे.

असं का होतं, याचं कारण त्याने त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला देऊन ठेवलंय. इथले लोक एका बैलाचं ओझं दोन-तीन हजार मण धरतात. बैलाला ते एका खेपेत ओढणं शक्य नसल्याने तांडा त्याच वाटेने पुन्हा पुन्हा येतो-जातो, आणि मग त्या सगळ्या खेपांचे दिवस मिळून दोन गावांमधलं अंतर सांगितलं जातं. ही माहिती आपण मोठ्या कष्टाने आणि जपून थोडीफार दुरुस्त करू शकतो, असं तो म्हणतो. काही ठिकाणी ती दुरुस्ती जास्त झाली असावी, काही ठिकाणी कमी.

कोकणाच्याच ओघात त्याने शरभाची गोष्ट दिलीय. गडकोटांच्या दरवाजांवर आपण पाहतो तो सिंहासारखा शरभ हा नव्हे. कोकणच्या मैदानातला हा प्राणी म्हशीच्या घडणीचा, गेंड्याहून मोठा. चार पाय खाली आणि पाठीवर वर वळलेले पायांसारखेच आणखी चार. छोटी सोंड आणि दोन मोठी शिंगं, ज्यांनी तो हत्तीला उभा चिरतो. वाक्याची सुरुवात ‘लोक सांगतात’ अशी आहे. लगेच पुढे गेंडा येतो, आणि तिथे त्याची भाषा बदलते: अंगावरची काळी खवल्यांची कातडी, शिंगाची जागा, आणि गेंड्याच्या पिल्लाने हत्तीवर चाल करून त्याच्या पुढच्या पायात शिंग खुपसलं आणि त्याला तोंडघशी पाडलं, हे मी स्वतः पाहिलं आहे. इतकं सांगून झाल्यावर तो सुफाला बघून आलेल्या एका माणसाचं म्हणणंही नोंदवतो. आफ्रिकेतला तिकडचा प्राणी वेगळाच दिसतो, तेव्हा आपण गेंड्याला जे नाव देत होतो ते बहुधा त्याला जास्त लागू पडेल.